थोरली जाऊ

दिवेलागण झाली की आमच्या घरात मोजदाद सुरू होते. दोन पोरं घरात. दोन गाया आणि कालवड गोठ्यात, गोठ्याच्या जाळीला कडी. कुत्रं पडवीत. आणि दारामागच्या खुंटीवर बॅटरी. मी ती काढते, अंगणापलीकडं उसाच्या बांधापर्यंत एकदा उजेड फिरवते, पुन्हा जागेवर अडकवते आणि मग देवापुढं दिवा लावते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हयात होत्या तेव्हा एकदा म्हणाल्या, "अगं, आधी देवाचा दिवा लावावा, मग बाकीचं." मी म्हणाले, "देव कुठं जात नाही आत्या, पोरं बाहेर पळतात." त्यांनी पुन्हा कधी टोकलं नाही. शेवटच्या आजारपणात तर संध्याकाळ झाली की खाटेवरून त्याच विचारायच्या, "बॅटरी बघितली का?"

तीन सेलची, स्टीलची बॅटरी आहे. अंगावर उभ्या रेघा, तोंड रुंद, पाठीला स्प्रिंगचं झाकण आणि झाकणाच्या कडीत नायलॉनची दोरी. दोरी मी आल्यापासून तीनदा बदलली, पण गाठ अजून मामंजींनी शिकवलेलीच मारते. मधोमध एक पोचा आहे. तो धाकट्यानं पाडलेला, चालायला शिकत होता तेव्हा. उभं राहायला त्यानं दोरी धरली आणि बॅटरी खुंटीसकट फरशीवर आली. काच फुटली नाही, पोराला लागलं नाही, पण तेव्हापासून तिचं बटण सरळ सरकत नाही. थंडीत तर आधी तळहातावर दोन थापा द्याव्या लागतात. मग ती जरा विचार केल्यासारखी पिवळी होते आणि एकदम पांढरा उजेड टाकते.

या घरात ती माझ्या आधी आली. आमच्या मालकांना भाऊ नाही, त्यामुळं जाऊ म्हणायला मला दुसरं कोणी नव्हतं. म्हणून मी तिलाच थोरली जाऊ मानलं. घराच्या खाणाखुणा तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होत्या. गोठ्यात कुठला दगड हलतो, विहिरीच्या वाटेवर कुठं साप निघतो, चिंचेखाली अंधार जास्त का असतो, हे सगळं मी लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तिच्या उजेडात शिकले. कामात पुढं होणारी, बोलायला कमी, आणि गरज लागल्यावर न बोलावता हाताशी असणारी. अशी जाऊ मिळायला नशीब लागतं.

माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. सासर जुन्नर तालुक्यात, नारायणगाव आणि खोडदच्या मधल्या पट्ट्यात. लांबच्या माणसाला वाटतं आंबेगाव तालुका म्हणजे आंबेगावात कचेरी असेल. ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तालुक्याचं कामकाज घोडेगावातून चालतं. एक गाव बुडालं आणि खालच्या अंगाची आमच्या माहेरची रानं भिजली, हे मी लहानपणापासून ऐकत आले. उसाला पाणी देताना ते मधेच आठवतं.

मामंजी सांगायचे, त्यांच्या लहानपणी इथं बाजरी, हरभरा, मटकी. मग कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणं झाली, कालवे आले, आणि जिथं गुडघाभर बाजरी होती तिथं डोक्यावरून ऊस उभा राहिला. ऊस वर्ष-वर्ष, कधी दीड वर्ष उभा असतो. आत गारवा, पाटाचं पाणी, रानडुकरं, ससे, वस्तीवरची मोकाट कुत्री. बिबट्याला आणखी काय लागतं? मादी उसातच विते, पिल्लं उसातच डोळे उघडतात. त्यांना भीमाशंकरचं जंगल कुणी दाखवलेलंच नसतं.

आणि आम्हीही गावात राहत नाही, मळ्यात राहतो. प्रत्येकाचं घर आपापल्या रानात. शेजार आहे, पण हाकेच्या टप्प्यापलीकडं, मधे ऊस. मोटारसायकल लावून दोन पावलं चाललं की घर, आणि घरामागं दहा पावलांवर ज्याला आम्ही बोलताना नुसतं 'वाघ' म्हणतो त्याची वाट. मामंजींनी ही बॅटरी आणली तेव्हा तिचं काम रात्री मोटार चालू करायचं आणि गाभण गाय बघायचं. तिनं दोन नातवंडं सांभाळायची आहेत, हे तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं आणि मामंजींनाही.

थोरला चौथीत आहे, धाकटा पहिलीत. आमचे हे पिकअप चालवतात. दुपारी मळ्यामळ्यातून टोमॅटो, फ्लॉवर, कोथिंबीर जे असेल ते भरायचं आणि रात्री वाशीच्या मार्केटला निघायचं. आळेफाट्याला किंवा चाकणला चहा, पहाटे वाशी, दुसऱ्या दिवशी दहा-अकराला घरी. म्हणजे आठवड्यातल्या चार-पाच रात्री घरात मी, दोन पोरं आणि ती.

तिचं पहिलं काम पहाटे पाचला. डेअरीची गाडी सहाला फाट्यावर येते, त्याआधी धारा काढायच्या असतात. पौष-माघात त्या वेळी काळोख असतो. दार उघडायच्या आधी मी खिडकीतून बॅटरी मारते. गोठ्याकडं, शेणाच्या खड्ड्याकडं, मग चिंचेकडं. डोळे दिसतात का, हे बघायचं. जनावराच्या डोळ्यामागं आरशासारखा एक पडदा असतो, तो उजेड परत फेकतो, म्हणून अंधारात डोळे पेटल्यासारखे दिसतात. हे थोरल्यानं मला सांगितलं, त्याला शाळेत बाईंनी सांगितलं. आमच्या मळ्यातल्या बायका एवढं जाणतात की डोळ्यांच्या रंगावर जाऊ नये. डोळे जमिनीपासून किती वर आहेत, एकमेकांपासून किती लांब आहेत, आणि उजेड पडल्यावर ते पळतात की तिथंच थांबतात, हे बघायचं. कुत्रं पळतं. मांजर वळतं. जे थांबतं, त्याच्यासाठी दार उघडायचं नाही.

धार काढेपर्यंत ती गोठ्याच्या आढ्याला टांगलेली असते, तोंड खाली करून. तिच्या उजेडाच्या गोलात गाईची कास, बादली आणि माझे हात एवढंच दिसतं. दुधाच्या फेसावर उजेड पडला की तो फेस निळसर दिसतो. मी इतक्या वर्षांत हे रोज बघते आणि रोज मला ते बघावंसं वाटतं.

मग चूल, भाकऱ्या, दोन डबे. धाकट्याला भेंडी चालत नाही, थोरल्याला भेंडीच लागते. त्यात अर्धा तास जातो. शाळा दीड किलोमीटर. मळ्यातली सहा-सात पोरं एकत्र जातात, सगळ्यात धाकटी मधे, मोठी पुढं-मागं. एका बाईनं सोबत जायचं, आयांनी आपसांत वार लावून घेतले आहेत. माझा मंगळवार आणि शुक्रवार. ऊस उभा असेल तेव्हा पोरांनी गप्प चालायचं नाही, हा नियम. गाणी म्हणा, भांडा, पण आवाज ठेवा. बाकीच्या आया पोरांना दंगा करू नका म्हणून ओरडतात, आम्ही करा म्हणून ओरडतो.

दिवसा बॅटरीला आराम. उन्हाळ्यात ती अशी लटकलेली दिसली की मला दुपारी पडवीत आडव्या झालेल्या घरच्या बाईसारखी वाटते. पण पोरं तिला तेवढंही झोपू देत नाहीत. शाळेतून आली की दार लोटून अंधार करायचा आणि भिंतीवर सावल्या. थोरल्याला हाताची हरणं, घुबड, उंट येतात. धाकट्याला एकच येतं, दोन बोटांचा कुत्रा. तो त्या कुत्र्याला बोलायला लावतो, भाकर मागायला लावतो, शाळेत पाठवतो. सेल संपतात म्हणून मी रागावते, आणि रागावून झाल्यावर दारात उभी राहून बघते.

सेल बदलणं हा घरातला एक सोहळा असतो. लाल सेल, त्यावर नऊच्या आकड्यातून उडी मारणारं मांजर. तीन सेल एकाच दिशेनं घालायचे, हे धाकट्यानं सगळ्यात आधी शिकलेलं यंत्रशास्त्र. एकदा सेल हातात धरून म्हणाला, "मम्मी, हिच्या पोटात तीन वाघाच्या मावश्या आहेत. म्हणून वाघ हिला घाबरतो." थोरला म्हणाला, "मावशीला कोण घाबरतं? मावशी लाड करते." दोघांचं त्यावर जुंपलं. मला मात्र धाकट्याचं पटलं. रात्री ती हातात असली की मी मनात म्हणते, तिघी आहेत बरोबर.

संडास घरापासून पंधरा पावलांवर आहे. दिवसा पंधरा. रात्री पोराला तो नदीपलीकडं वाटतो. रात्री दोघांपैकी एकाला जरी जायचं असलं तरी तिघांनी निघायचं, कारण एकाला घरात एकटं सोडायचं नाही आणि दुसऱ्याला बाहेर एकटं पाठवायचं नाही. पुढं मी, हातात बॅटरी. आधी खाली, पायापुढं, सापासाठी. मग वर, बांधावर, दुसऱ्यासाठी. पोरांनी मोठ्यानं बोलायचं. पण झोपेतून उठलेल्या पोराला काय बोलावं ते सुचत नाही. म्हणून थोरल्यानं पाढे सुरू केले. सतराचा पाढा त्याचा असाच पाठ झाला, पत्र्याच्या दाराआडून, रात्री दोन वाजता. "सतरा साती?" मी बाहेरून विचारायची. "एकशे एकोणीस!" मळ्याला ऐकू जाईल असं आतून उत्तर. आता धाकटा बेचा पाढा म्हणतो. बे दाही वीस झालं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. काम उरकेपर्यंत थांबायचं नाही, हे त्याला कळलंय.

आमच्या गच्चीवरून खोडदच्या डिशी दिसतात. जीएमआरटी नावाच्या वेधशाळेच्या दुर्बिणी त्या, एकेक 45 मीटर व्यासाची, एकूण 30. थोरला म्हणतो, त्या आकाशातला आवाज ऐकतात, डोळ्यांना न दिसणारा उजेड पकडतात. मला ते सगळं समजत नाही. पण एकदा रात्री संडासवरून परत येताना त्यानं बॅटरी माझ्या हातातून घेतली आणि सरळ वर आभाळात धरली. "मम्मी, हा उजेड आता पुढं जातच राहणार. कधी थांबणार नाही." आम्ही तिघं तिथं उभे राहिलो. बांधाकडं पाठ होती, हे मला नंतर आठवलं आणि अंगावर काटा आला. पण ते मिनिटभर मी पोराला वर बघू दिलं, याचं मला वाईट वाटत नाही.

शिवजयंती जवळ आली की बॅटरीचं काम बदलतं. 19 फेब्रुवारीला गावागावांतली पोरं शिवनेरीवर मशाल पेटवतात आणि ती शिवज्योत पळत गावी नेतात. आमची दोघं अजून लहान, म्हणून ती अंगणात बॅटरी घेऊन पळतात. झेंडा थोरल्याकडं, ज्योत धाकट्याकडं, मग उलट. एकदा पळता पळता थोरला थांबला आणि म्हणाला, "जिजाऊंना दोन मुलं होती ना? मग थोरल्याचं कोणीच काही सांगत नाही." मी पहिल्यांदाच त्याचा विचार केला. संभाजीराजे, शिवाजी महाराजांचे थोरले बंधू. वडलांबरोबर, शहाजीराजांबरोबर, ते बंगळूरकडं राहिले आणि कनकगिरीच्या वेढ्यात गेले. एक मुलगा लांब कर्नाटकात, एक इथं जवळ. त्या माउलीचा जीव दोन्हीकडं ताणलेला असणार. मी थोरल्याला एवढं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आईला थोरल्याचीच काळजी जास्त असेल. तो लांब होता." मी हो म्हणाले. खरं काय ते जिजाऊंनाच ठाऊक. पण त्याला ते हवं होतं आणि मलाही ते खोटं वाटलं नाही.

आता रात्रीच्या लाईटबद्दल सांगते, कारण सगळं तिथंच अडतं.

शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की दहाला किंवा बाराला फेज येतो. लोक म्हणतात, ऑटो स्विच बसवा. बसवलाय. मोटार आपोआप चालू होते, पण पाणी आपोआप वाफ्यात वळत नाही. टोमॅटोला ठिबक आहे. कांद्याला वाफे आहेत, आणि वाफ्याला दारं धरायला माणूस लागतं. हे वाशीला. गडी रात्रीचा येत नाही आणि मी त्याला या म्हणत नाही, त्यालाही घरी पोरं आहेत. मग जाते मी.

पोरांना बरोबर नेलं तर दोन पोरं रात्री उघड्या रानात. घरात ठेवलं तर दोन पोरं रात्री एकटी. वर्षभर मी दोन्ही करून बघितलं. शेवटी ठरलं, घरातच, बाहेरून कुलूप, आतून कडी, मोबाईल थोरल्याजवळ. आणि खूण ठरली. विहीर घरापासून तीनेकशे पावलं, मधे कांद्याचं मोकळं रान, त्यामुळं खिडकीतून उजेडाचा ठिपका दिसतो. विहिरीवर पोचले की बॅटरी एकदा गोल फिरवायची. पाणी वाफ्यात लागलं की दोनदा. परत निघाले की तीनदा. प्रत्येक खुणेला थोरल्यानं पडवीचा दिवा तेवढ्याच वेळा उघडमीट करायचा. घरातली सिंगल फेज लाईट असते, म्हणून हे जमतं.

दारं मोडताना वाकावं लागतं. वाकलेलं माणूस बिबट्याला माणसासारखं दिसत नाही, त्याच्या नेहमीच्या शिकारीएवढं दिसतं. उसाला, कांद्याला खाली बसून काम करणाऱ्या बायकांवर आणि लहान पोरांवर हल्ले होतात ते यामुळं. म्हणून मी खोरं चालवताना बॅटरी बांधावर उभी करून ठेवते, तोंड माझ्याकडं. माझी सावली मोठी पडते. तेवढ्यानं किती फरक पडतो मला माहीत नाही, पण सावली मोठी बघून मला स्वतःला बरं वाटतं.

मागच्या पौषात तिसरा वाफा भरत आला होता. खोऱ्याचा दांडा बॅटरीला लागला आणि ती पाटात पडली. क्षणभर पाण्याखालून उजेड आला, हिरवट, आणि गेला. मी चाचपडून तिला काढलं, झाकण उघडलं, सेल पदरानं पुसले, स्प्रिंग पुसली, थापा दिल्या. काही नाही. अमावास्येच्या आसपासची रात्र. पाणी वाहतंय, मोटारीचा घरघर आवाज, आणि त्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही, ही सगळ्यात वाईट गोष्ट. मी सरळ उभी राहिले आणि मोठ्यानं पाढा सुरू केला. सतराचा. सतरा चोकवर अडले.

तेवढ्यात पडवीचा दिवा लागला. विझला. लागला. विझला. ठरलेली खूण नव्हती ती. ठिपका दिसेनासा झाला आणि थोरल्यानं बटणावरचा हात काढलाच नाही. मग आवाज आला. धाकटा खिडकीत उभा राहून पळीनं ताट बडवत होता. मी त्या दिव्याकडं तोंड केलं आणि चालत राहिले. पळाले नाही, पळायचं नसतं. एका हातात खोरं, एका हातात विझलेली बॅटरी. दारापाशी पोचले तरी दिवा चालूबंद होतच होता आणि ताट वाजतच होतं. कुलूप काढताना माझ्या हाताला किल्ली लागेना.

आत आल्यावर कोणी काही बोललं नाही. धाकट्यानं बॅटरी माझ्या हातातून घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि चुलीजवळ उबेला ठेवली, गाईचं नवं वासरू ठेवतात तशी. दुसऱ्या दिवशी ती तुळशीपाशी उन्हात वाळली, नवे सेल घातले, थापा दिल्या आणि लागली. मालकांनी नवी चार्जिंगची बॅटरी आणली, लांबवर उजेड टाकणारी. आता रानात ती नेते. पण खिडकीत थोरल्याच्या हाती जुनीच असते. फेज जाईल, घरातला दिवा जाईल, त्या वेळी खूण करायला. तिची जागा रानातून खिडकीत आली एवढंच. वय झालेली थोरली जाऊ पोरं सांभाळायला घरात थांबते, तसं.

त्याच हंगामात शेजारच्या मळ्यात ऊसतोड चालू असताना सरीत दोन पिल्लं सापडली. कोयते थांबले. वन खात्याची माणसं आली, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर आले, त्यांनी पिल्लं तपासली आणि सापडली त्याच जागी संध्याकाळी टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवली, वर नुसतं झाकण. कॅमेरा लावला आणि सगळ्यांना घरी पाठवलं. आमच्या भागात हे बऱ्याचदा करतात, आणि मादी बऱ्याचदा येते. ही पण आली. झाकण पाडलं, एकाला तोंडात धरून नेलं, मग परत येऊन दुसऱ्याला नेलं. सकाळी सगळ्या मळ्यात हीच गोष्ट. थोरल्यानं ती ऐकली आणि विचारलं, "एकाला घेऊन गेली तेव्हा दुसरं एकटंच होतं का?"

"हो. थोडा वेळ."

"अंधारात?"

"हो."

तो पुढं काही बोलला नाही. मी भाकरी थापत होते, ती तव्यावर टाकायची राहिली. मला त्या मादीची माया आली आणि त्याच रात्री मी दाराला दुसरी कडी घातली. दोन्ही खरं आहे. माझ्यासारख्या बाईला दोन्ही एकदम वाटू शकतं, हे बाहेरून सल्ला देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

सल्ले पुष्कळ येतात. सगळे पकडा आणि लांब सोडा, हा त्यातला सगळ्यात जुना. तो एकदा करून झालाय. 2001 पासून जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडं नेऊन सोडायला सुरुवात झाली. त्याआधी इथं माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते, नंतरच्या काळात ते 17 वर गेले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे मांडलंय. जागेवरून उठवलेलं जनावर बिथरतं, अनोळखी मुलखात भटकतं. आमच्या म्हाताऱ्या माणसांना ते दिवस अजून आठवतात. दुपारी चारलाच दारं लागायची.

आणि 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेच दिवस परत आले. शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन लेकरं. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला. तिकडच्या बायका गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालून रानात जाऊ लागल्या. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात घालतात तसला पट्टा. फोटोत एक बाई तो घालून खुरपत होती. मी तो फोटो बराच वेळ बघितला. त्या बाईलाही घरी पोरं असतील, आणि संध्याकाळी पट्टा काढल्याशिवाय तिला त्यांना जवळ घेता येत नसेल.

माझ्या बॅटरीला बोलता आलं असतं तर ती सल्ला देत बसली नसती. तिनं एकच विचारलं असतं, मला रात्री दोन वाजता कांद्यात का न्यावं लागतं? माझंही तेच म्हणणं आहे. जनावर उसात आहे आणि राहणार आहे. ऊस आम्ही लावतो, त्यावर आमची पोरं शिकतात, तोही राहणार आहे. बदलता येण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे बाईमाणसानं अंधारात वाकण्याची वेळ. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना राज्यात 2017 पासून आहे. काही गावांत दिवसाची लाईट आलीही. जिथं आली तिथली माझी मैत्रीण सांगते, ती आता नऊला पोरांजवळ झोपते. हे सांगताना तिचा आवाज असा होता, जशी काही तिला मोठी नोकरी लागली.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, या चार तालुक्यांतल्या उसाच्या प्रत्येक मळ्याला आधी दिवसाची लाईट द्या. पिंजरे, कॅमेरे, पट्टे, सायरन, काय द्यायचं ते मग द्या. आणि तोवर, जे कोणी हे वाचतंय आणि मळ्यात राहतंय, त्यांनी आज संध्याकाळी पोरं मोजून झाल्यावर बॅटरीचे सेल एकदा बघून घ्यावेत.